चराकाठचा रस्ता

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात सफोक हे गाव आहे. गाव मागे टाकून दक्षिणेकडे निघाले, की शेतांमधून जाणाऱ्या एका साध्या रस्त्यावर पाटी दिसते – 'डेझर्ट रोड', म्हणजे वाळवंटाचा रस्ता. पाटी वाचून मी आजूबाजूला पाहिले. वाळवंटाची कुठे खूणही नव्हती. डाव्या हाताला दूरवर गर्द झाडी पसरली होती.

"नाव ठेवणाऱ्याच्या मनात वाळू नव्हतीच," गाडी चालवणारी माझी मैत्रीण म्हणाली. ती तिकडे एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. "जुन्या इंग्रजीत डेझर्ट म्हणजे ओसाड, जिथे माणूस राहत नाही अशी जागा."

ही 'ओसाड' जागा म्हणजे ग्रेट डिस्मल स्वॉम्प. स्वॉम्प म्हणजे झाडांनी भरलेली दलदल आणि डिस्मल म्हणजे उदास, भकास. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांच्या सीमेवर पसरलेली ही दलदल आज वन्यजीवांसाठी राखलेले अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे साडेचारशे चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीएवढे. मूळची दलदल याच्या कितीतरी पट मोठी होती. ती कशी आक्रसली आणि उरलेली कशी वाचली, हा इतिहास वाचायला ग्रंथालयात जावे लागतेच. पण त्याचा बराचसा भाग आम्हाला त्या दिवशी एका कच्च्या रस्त्यावरच वाचायला मिळाला.

रस्त्याची माती कुठून आली?

अभयारण्याच्या फाटकातून आत शिरलो, की 'रेलरोड डिच' नावाच्या चराच्या काठाने खडी टाकलेला अरुंद रस्ता सुरू होतो. सुमारे दहा किलोमीटर गेल्यावर तो ड्रमंड तळ्यापाशी पोचतो. वाटेत ना दुकान, ना घर. दोन्ही बाजूंना झाडी, आणि शेजारी सतत सोबत करणारा चर. चरातले पाणी स्वच्छ, पण रंग थेट कोऱ्या चहाचा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना विचारावा असा पहिला प्रश्न इथेच उभा राहतो. जमिनीवर पाय ठेवला तर घोटाभर रुतेल अशा ठिकाणी रस्ता बांधायचा, तर माती कुठून आणायची? उत्तर शेजारीच आहे. चर खणायचा आणि निघालेला गाळ-माती त्याच्याच काठावर टाकत जायचे. चर तयार होतो आणि रस्ताही. या दलदलीतले बहुतेक रस्ते असेच झाले आहेत. चरांची एकूण लांबी दीडशे मैलांच्या, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरच्या घरात जाते.

आता याचा पाण्यावर काय परिणाम होईल? दलदलीच्या पश्चिमेला जमिनीची एक बुटकी चढण आहे. तिला सफोक स्कार्प म्हणतात. प्राचीन काळी समुद्राचा किनारा तिथे होता. या चढणीकडून येणारे पाणी पूर्वी नदीसारखे एका पात्रातून वाहत नसे. एखाद्या ओल्या चादरीसारखे ते साऱ्या भूभागावर पसरून अगदी सावकाश पूर्वेकडे सरके. चर खणल्यावर ते पाणी चरात उतरून झपाट्याने निघून जाऊ लागले, आणि चराकाठचा उंच रस्ता बांधासारखा आडवा आला. म्हणजे एकाच कामाने एका बाजूला निचरा झाला आणि दुसऱ्या बाजूचा प्रवाह अडला. ज्या रस्त्यावरून आम्ही दलदल पाहायला निघालो होतो, तो अशा प्रकारे तिच्या ऱ्हासाचाही रस्ता होता.

साठवणीची जागा

पाणी गेले तर बिघडले कुठे? हे समजण्यासाठी दलदलीची जमीन कशाची आहे ते पाहिले पाहिजे.

झाडाचे पान गळून आपल्या अंगणात पडले, तर बुरशी आणि जिवाणू त्याचा फडशा पाडतात. त्यासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. पाण्याखाली ऑक्सिजन फारच कमी पोचतो. त्यात पाणी आम्लधर्मी असेल, तर जिवाणूंचे काम आणखी मंदावते. मग पाने, फांद्या, मुळे पूर्ण कुजतच नाहीत. वर्षामागून वर्षे त्यांचे काळपट, स्पंजासारखे थर साचत जातात. या अर्धवट कुजलेल्या वनस्पतीद्रव्याला पीट म्हणतात. पाण्याला चहाचा रंग येतो तो याच वनस्पतींमधल्या टॅनिनसारख्या द्रव्यांमुळे. हे पाणी लवकर खराब होत नाही, म्हणून शिडाच्या जहाजांवर ते पिंपे भरून नेत असत.

डिस्मल स्वॉम्पमध्ये पीट साचायला सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी सुरुवात झाली. हिमयुग संपून समुद्राची पातळी चढत होती, ओढ्यांचा वेग मंदावत होता, आणि सखल जागी पाणी तुंबू लागले होते. पीटमध्ये पानांबरोबर परागकणही जपले जातात. त्यांचे कवच फार चिवट असते आणि प्रत्येक वनस्पतीच्या परागकणाचा आकार वेगळा असतो. त्यामुळे पीटमध्ये नळी खुपसून काढलेला नमुना वरून खाली तपासत गेले, की कोणत्या काळी इथे कोणती झाडे होती ते वाचता येते. सर्वांत खाली, थंड हवामानात वाढणाऱ्या स्प्रूस आणि पाइनच्या खुणा सापडतात. वर येता येता ओक आणि इतर रुंद पानांची झाडे येतात, आणि मग पाण्यात पाय रोवून उभे राहणारे सायप्रस आणि गम.

काही ठिकाणी पीटची जाडी साडेचार मीटरच्या आसपास आहे. फळ्यावर एक सोपे गणित मांडू. ४५०० मिलिमीटर भागिले ९००० वर्षे, म्हणजे वर्षाला अर्धा मिलिमीटर. नखाच्या जाडीएवढी भर, तीही वर्षभरात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोटखराब्याची मोजणी

युरोपीय वसाहतवाले येण्याच्या फार आधीपासून नान्समंड आणि इतर मूलनिवासी लोक या दलदलीत शिकारीला येत. नव्या मालकांना मात्र ती नुसती अडचण वाटली. १७२८ साली व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना या वसाहतींमधली सीमारेषा आखण्याचे काम निघाले. व्हर्जिनियाच्या बाजूने विल्यम बर्ड नावाचे बडे जमीनदार त्यात होते. मोजणीदार साखळ्या घेऊन चिखलातून आरपार गेले. बर्ड स्वतः दलदलीला वळसा घालून पलीकडे पोचले. तरीही दलदलीचे वर्णन त्यांनी ठामपणे लिहून ठेवले आहे. तिथली हवा विषारी आहे, गिधाडेसुद्धा तिच्यावरून उडत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. (आज या अभयारण्यात पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जातींची नोंद आहे.) ही दलदल कोरडी करून तिथे शेती करावी, अशी योजनाही त्यांनी मांडली.

आपल्याकडे सातबाऱ्यावर लागवडीस अयोग्य जमिनीला पोटखराबा म्हणतात. बर्ड यांच्या नोंदीत सारी दलदलच पोटखराबा होती. एखाद्या जागेची नोंद अशी झाली, की ती 'सुधारायला' कोणीतरी पुढे येतेच. १७६३ साली जॉर्ज वॉशिंग्टन इथे आले. तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष नव्हते. जमिनीच्या व्यवहारात रस असलेले तरुण जमीनदार होते. त्यांनी आणि इतर भागीदारांनी दलदलीचा निचरा करण्यासाठी कंपनी काढली. पश्चिम काठापासून ड्रमंड तळ्यापर्यंत सात-आठ किलोमीटर लांबीचा चर खणला गेला. तो आजही 'वॉशिंग्टन डिच' म्हणूनच ओळखला जातो.

निचरा त्यांना हवा तसा साधला नाही. मग कंपनी लाकडाकडे वळली. इथल्या सीडारचे लाकूड हलके, सरळ रेषेत चिरणारे आणि पावसापाण्यात टिकणारे. त्याच्या पातळ पट्ट्या घरांच्या छपरांवर कौलांसारख्या बसवत. हे लाकूड बाहेर न्यायला पाण्याचा मार्ग हवा होता. १७९३ साली दलदलीतून डिस्मल स्वॉम्प कालवा खणायला सुरुवात झाली. सुमारे ३५ किलोमीटरचा हा कालवा १८०५ साली खुला झाला आणि आजही वापरात आहे. त्यात पाणी कमी पडू नये म्हणून ड्रमंड तळ्यापासून एक वेगळा चर काढून आणला. कालव्याने पूर्वेकडे सरकणारे पाणी तोडले, आणि त्याच्या पलीकडची दलदल पुढे बव्हंशी शेतीखाली गेली.

खणणारे हात

इतिहासाच्या पुस्तकात 'वॉशिंग्टन यांनी चर खणला' असे वाक्य येते, तेव्हा विद्यार्थ्यांनी हात वर करून विचारायला हवे, की कुदळ कोणाच्या हातात होती? चर आणि कालवा खणणारे लोक गुलाम होते. भागीदारांनी आपापले गुलाम कामावर पाठवले; कालव्यासाठी ते मालकांकडून भाड्याने घेतले. मोझेस ग्रँडी हे त्यांच्यापैकीच एक. कालव्यावर लाकडाने भरलेल्या नावा चालवून त्यांनी स्वतःची किंमत मालकाला चुकती केली. दोनदा पैसे घेऊन त्यांना फसवण्यात आले; तिसऱ्यांदा पैसे भरल्यावर ते मुक्त झाले. त्यांचे आत्मकथन १८४३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. कमरेइतक्या, कधी त्याहून खोल चिखलपाण्यात उभे राहून मुळे तोडणाऱ्या आणि गाळ उपसणाऱ्या माणसांबद्दल त्यांनी त्यात लिहिले आहे. डोके पाण्याच्या वर राहते तोवर काम चालू ठेवायचे, असा तिथला नियम.

पण याच दलदलीत दुसरीही माणसे होती. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १८६५ साली गुलामगिरी संपेपर्यंत, मळ्यांवरून पळालेले गुलाम इथे येऊन लपत. काही जण पुढे उत्तरेकडे निघून जात. काही मात्र इथेच वस्ती करून राहिले, पिढ्यान् पिढ्या. अशा लोकांना मरून म्हणतात. चिखलाच्या मधोमध कुठे कुठे वाळूचे थोडे उंचवटे आहेत, बेटांसारखे. तिथे त्यांची घरे होती. जो चिखल जमीनदारांना अडचण वाटे, तोच या लोकांची तटबंदी होता. शिकारी कुत्री आणि घोडेस्वार तिथे चालत नसत.

त्यांची दहशत एवढी होती, की १८४७ साली नॉर्थ कॅरोलिनाने खास या दलदलीत लपलेल्या गुलामांना पकडण्यासाठी कायदा केला. दलदलीत लाकूडकामाला जाणाऱ्या प्रत्येक गुलामाची उंची, रंग, अंगावरचे वण यांची नोंद ठेवणे त्याने सक्तीचे झाले. कारण मजूर आणि मरून यांच्यात देवघेव चाले. मरून लोकांनी तोडलेल्या लाकडाच्या बदल्यात मजूर त्यांना धान्य आणि कपडे पोचवत.

हॅरिएट बीचर स्टो यांनी १८५६ साली 'ड्रेड' ही कादंबरी या दलदलीवर लिहिली. तरी मरून वस्त्यांचा जमिनीतला पुरावा शोधायचे काम फार उशिरा, एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाले. डॅनियल सेयर्स या पुरातत्त्वज्ञांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बेटांवर उत्खनन केले. हाती आले ते अगदी बारीकसारीक : मातीच्या चिलमीचा तुकडा, बंदुकीच्या गारेची कपची, शिशाची गोळी, आणि झोपडीचा खांब रोवला होता तिथे मातीत उरलेला काळसर डाग. या भागात नैसर्गिक दगड मिळत नाही. तिथे सापडलेल्या काही दगडी हत्यारांवरून दिसते, की प्राचीन मूलनिवाशांनी मागे ठेवलेली हत्यारेच मरून लोकांनी पुन्हा घडवून वापरली होती.

पाहा, पळून आलेल्या माणसांनी मागे फारसे काही न ठेवणे यातच त्यांची सुरक्षितता होती. म्हणून हा इतिहास इतका पुसट आहे, आणि म्हणून ती माती जपणे इतके महत्त्वाचे आहे. आम्ही जात होतो त्या रस्त्याच्या कडेला आता एक छोटा मंडप आहे आणि त्यात ही हकीकत फलकांवर मांडली आहे. मैत्रीण म्हणाली, "माझी मुलं बसमधून उतरताना अस्वल दिसेल का विचारत असतात. इथून परत जाताना मात्र गप्प असतात."

रूळ आणि करवती

१८५० च्या दशकात विल्यम महोन या अभियंत्याने दलदलीतून लोहमार्ग नेला. चिखलात भर टाकून भागत नव्हते. महोन यांनी झाडांचे ओंडके एकमेकांवर आडवे-उभे रचून त्यांची गादी केली आणि तिच्यावर मार्ग उभारला. ही गादी कुजायला हवी होती. पण ओंडके पाण्याखाली राहिले आणि वर सांगितलेल्या कारणानेच टिकले. दीडशेहून अधिक वर्षांनंतरही त्या मार्गावरून जड मालगाड्या धावतात.

याच लाकडावर पुढच्या काळात करवती चालल्या. १९०९ साली वॉशिंग्टन यांच्या कंपनीची जमीन कॅम्प या लाकूडव्यवसायातील कंपनीने विकत घेतली. चर वाढले, रस्ते वाढले, आणि मूळचे जंगल टप्प्याटप्प्याने तोडून झाले. सायप्रस आणि सीडार गेले. कोरड्या होत चाललेल्या जागेत रेड मेपल पसरला. १९७३ साली कॅम्पची वारस असलेल्या युनियन कॅम्प कंपनीने सुमारे वीस हजार हेक्टर जमीन निसर्गसंवर्धनासाठी दान केली, आणि १९७४ साली अमेरिकन संसदेच्या कायद्याने अभयारण्य स्थापन झाले.

आपल्या भाषेतला अभयारण्य हा शब्द किती नेमका आहे! जिथे भय नाही ते अरण्य. कायद्याने पक्ष्यांना आणि अस्वलांना इथे अभय दिले ते १९७४ साली. माणसांनी मात्र ते स्वतःच्या हिमतीवर दोन-अडीच शतके आधीच मिळवले होते.

जळणारी जमीन

जमीन राखीव झाली, पण चर तसेच होते आणि पाणी वाहून जातच होते. कोरडे पडलेले पीट म्हणजे सरपणच. शिवाय ते जळते आतल्या आत, ज्वाळेशिवाय, शेणीच्या विस्तवासारखे धुमसत.

२००३ साली इझाबेल वादळाने इथल्या सीडारची राई आडवी केली. पडलेली झाडे काढण्याचे काम चालू असताना जून २००८ मध्ये यंत्रामुळे आग लागली. सुमारे दोन हजार हेक्टर क्षेत्र १२१ दिवस धुमसत राहिले. ऑगस्ट २०११ मध्ये त्याच परिसरात वीज पडली. या वेळी अडीच हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र पेटले. महिनाअखेरीस आयरीन वादळ आले आणि दहा इंचांच्या आसपास पाऊस कोसळला. तरीही आग विझली नाही. पंपांनी पाणी आणून जमीनच भिजवावी लागली. १११ दिवसांनी ती विझल्याचे जाहीर झाले.

या आगीत किती पीट जळाले? आगीच्या आधी आणि नंतर विमानातून लेझर किरण सोडून जमिनीची उंची मोजलेली होती. या तंत्राला लायडार म्हणतात. दोन मोजण्यांची वजाबाकी केली तेव्हा जळालेल्या भागात जमीन सरासरी ४७ सेंटीमीटर खाली गेल्याचे दिसले. हवेत गेलेला कार्बन सुमारे ११ लाख टन.

आता मघाचा आकडा आठवा. वर्षाला अर्धा मिलिमीटर. ४७० मिलिमीटर साचायला किती वर्षे लागली असतील? नऊशे चाळीस. म्हणजे जवळपास हजार वर्षांची साठवण १११ दिवसांत गेली. तिच्याबरोबर त्या हजार वर्षांचे परागकण गेले. त्या थरात कोणाच्या झोपडीच्या खांबाची खूण असेल, तर तीही गेली. झाडे पुन्हा लावता येतात. पण जळालेला थर पुन्हा भरून यायला आणखी हजार वर्षे पाण्याखाली जावी लागतील.

पुन्हा पाणी

तळ्यापाशी गाडी थांबवून आम्ही लाकडी धक्क्यावर गेलो. ड्रमंड तळे सुमारे साडेबारा चौरस किलोमीटर पसरलेले आहे, पण खोली जेमतेम माणूस बुडेल एवढी. काठावरचे सायप्रस पाण्यातच उभे होते, बुंधे तळाशी घंटेसारखे फुगलेले. वर निळे आभाळ आणि खाली चहाच्या रंगाचे पाणी. बर्ड यांना इथे भकास काय वाटले असेल, असा विचार मनात आला. मग आठवले, ते इथवर आलेच नव्हते.

परतताना मैत्रिणीने एका ठिकाणी गाडी थांबवली. चरावर एक बंधारा होता आणि त्याच्या खाचांमध्ये फळ्या बसवल्या होत्या. आपल्याकडे पावसाळा संपला की कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे घालतात, अगदी तसेच. फळ्या वाढवल्या की चरातली पातळी चढते आणि पाणी पुन्हा बाजूच्या पीटमध्ये मुरते. अभयारण्यात असे बंधारे ठिकठिकाणी आहेत आणि २०११ च्या आगीनंतर ते वाढवले गेले. पाणी किती ठेवायचे याची काळजीपूर्वक आखणी करावी लागते. फार वाढवले तर सीडारची रोपे बुडतात आणि शेजारच्या शेतकऱ्यांची ओरड होते. कमी ठेवले तर पीट सुकते. अडीचशे वर्षे पाणी काढून देण्यासाठी राबलेला चर आता पाणी थोपवायला शिकतो आहे.

हा धडा वर्गात शिकवायचा असेल, तर दोन बरण्या घ्या. दोन्हींत सारखीच वाळलेली पाने घाला. एकीत पाने पूर्ण बुडतील एवढे पाणी भरून झाकण लावा. दुसरीत पाने ओलसर मातीत मिसळून तोंड उघडे ठेवा आणि अधूनमधून ढवळा. पाण्याचा रंग काही दिवसांतच बदलेल. दोन-तीन महिन्यांनी दोन्ही बरण्या उघडून कुठल्या पानांच्या शिरा अजून ओळखता येतात ते मुलांना पाहू द्या. आणि जमल्यास त्याच तासाला आपल्या गावच्या नकाशावर पडीक किंवा पाणथळ म्हणून रंगवलेली जागा शोधायला सांगा. तिथे पूर्वी कोण जात असे आणि कशासाठी, हे घरातल्या आजी-आजोबांना विचारून यायला सांगा.